जास्तीचं पाणी

१

बारक्या हे नाव ताईनं ठेवलेलं. एरवी त्याच्यात बारकं असं काही नव्हतं. चाळिशी उलटलेला, दारातून येताना खांदा तिरका करावा लागणारा माणूस. पण आई गेली तेव्हा तो शाळेत होता, ताईनं त्याला वाढवलं, आणि तिच्या लेखी तो तेवढाच राहिला. लग्न दोघांचंही झालं नाही. त्याचं जमलं नाही आणि तिचं त्याच्यापायी राहून गेलं. हे त्याला ठाऊक होतं, आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं म्हणून जास्तच ठाऊक होतं.

तो इमारतींच्या नळांचे आणि सांडपाण्याचे नकाशे काढायचा, घरी बसून, कॉम्प्युटरवर. पलीकडच्या खोलीत ताई लोकांचे कपडे उसवून मापात शिवून द्यायची. मधलं दार कायम उघडं. तिकडे तिचं मशीन कडकड चालायचं, इकडे त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचे पंखे घोंघावायचे, आणि ताई विचारायची, "काय रे बारक्या, आज उडणार का ते विमान, की नुसतंच तापतंय?"

त्यातूनच त्याच्या डोक्यात ते खूळ शिरलं. पंखे नकोतच. पाण्यानं थंड होणारा कॉम्प्युटर बांधायचा, आणि तो स्वतःच्या हातानं. एक उभी काचेची टाकी, एक छोटा पंप, तापणाऱ्या भागांवर बसवायचे धातूचे ठोकळे, पाणी निववायला रेडिएटर आणि सगळ्यांना जोडणाऱ्या पारदर्शक नळ्या. तेच पाणी आतल्या आत फिरत राहतं. जन्मभर दुसऱ्यांच्या घरचं पाणी वाहून नेणाऱ्या माणसाला याची भुरळ पडली तर त्यात नवल ते काय.

पण बारक्याचं काम म्हणजे आधी कागदावर, मग पुठ्ठ्यावर, मग हातात. त्यानं खऱ्या मापाचा पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर केला. नळ्यांच्या जागी जाड तारा वाकवून लावल्या. मोठा रेडिएटर त्यानं पेटीच्या बाहेर काढून भिंतीवर चढवला, पार छताजवळ, म्हणजे गरम हवा खिडकीतून जाईल. असलं काही करणारे जे दोघेतिघे त्याला फोनवर भेटत, ते म्हणाले, इतक्या उंचावर पाणी चढायचं नाही. त्यावर यानं आणखी एक नकाशा काढला. पुठ्ठ्याचा सांगाडा कित्येक महिने खोलीत उभा होता आणि ताई त्याच्यावर उसवलेल्या पँटी वाळत टाकायची.

२

सगळे भाग आले, नळ्या वाकवून झाल्या, आणि एका रविवारी सकाळी पाणी भरायची वेळ आली.

या कामाचा एक रिवाज आहे. पाणी भरलं की लगेच कॉम्प्युटर चालू करायचा नाही. बाकी सगळ्याची वीज तोडून नुसता पंप चालवायचा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा. आत अडकलेली हवा हळूहळू टाकीत येते, पाण्याची पातळी उतरते, आपण वरून भर घालायची. पातळी ठरली आणि कागद कोरडे राहिले, की मगच खरी वीज. बारक्यानं टाकी शुद्ध पाण्यानं भरली, पंप लावला. पंप कोरडाच किंचाळला. नळीत हवा अडकली होती.

त्यानं पेटी तिरकी केली, थोपटली, पंप बंद-चालू केला. सकाळ गेली, दुपार व्हायला आली. पाणी जिथल्या तिथे. शेवटी त्यानं हात टेकले आणि खाली बसला.

ताई दारात उभी होती. "लहानपणी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कसं काढायचो आपण?"

"ताई, तोंड लावायचं नाही. ते शुद्ध लागतं."

"मी काय अशुद्ध आहे?" म्हणत तिनं रेडिएटरकडून परतणारी, अजून न जोडलेली नळी धरली, तोंडाला लावली आणि ओढली. पाणी सरसरत वर गेलं, रेडिएटर भरला, खाली आलं, थेट तिच्या तोंडात. पंपाचा आवाज एकदम मऊ झाला.

"थुंक, बेसिनमध्ये थुंक," बारक्या म्हणाला.

ताईचे गाल फुगलेले, डोळ्यांत हसू मावत नव्हतं. त्याच्याकडे बघत, अगदी मुद्दाम, तिनं ती चूळ नळीत परत सोडली आणि नळी त्याच्या हातात दिली. तो चिडला. मग त्यालाही हसू आलं. त्यानं नळी टाकीला जोडली आणि पातळीवर काळी चिकटपट्टी लावून खूण केली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कागद कोरडे होते. पाणी खुणेच्या वर होतं.

आता पातळी उतरते. उतरायलाच हवी. हवा बाहेर येणार, तिची जागा पाणी घेणार, एवढं साधं गणित. बारक्या चहाचा कप घेऊन टाकीसमोर उकिडवा बसला. पट्टी घसरली असेल. पंपाच्या उष्णतेनं पाणी फुगलं असेल, पण इतकं? त्यानं जुनी पट्टी काढून नवी लावली, तिच्या दोन्ही टोकांना काचेवर शाईचे ठिपके दिले. पुढच्या सकाळी ठिपके पाण्याखाली होते.

असं दोनचार दिवस चाललं. पाणी झाकणाला टेकायला आलं तेव्हा त्यानं कोणीही केलं असतं तेच केलं. तळाचा कॉक उघडून जास्तीचं पाणी पेल्यात काढलं आणि बेसिनमध्ये ओतलं. पेला हाताला कोमट लागला.

त्या संध्याकाळी ताई शिवताना मधेच थांबली. "बारक्या, आईचा आवाज कसा होता रे?"

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. आईचा आवाज काढण्यात ताईचा हात कोण धरणार. 'पानावर बसलात की नाही' हे ती अशा काही ढंगात म्हणायची की तो अजूनही हात धुवायला उठायचा.

"काढ की. रोज काढतेस."

"हो ना," ती म्हणाली. तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "आठवत नाहीये. बघ कसं म्हातारपण येतं ते."

मशीन पुन्हा कडकडायला लागलं. बारक्यानं ते फारसं मनावर घेतलं नाही.

४

ताईला तहान लागायला लागली.

आधी एक तांब्या मशीनशेजारी असायचा. मग दोन झाले. ओठांना भेगा पडल्या, बोटांची कातडी सुईवर अडकायला लागली. एकदा ती ओट्याशी कांदे चिरत होती, ढीगभर. बारक्या दारात उभा होता तरी त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिचे डोळे कोरडे ठक्क.

"बघ, जिंकले मी कांद्याला," ती म्हणाली आणि हसली, तसा ओठ चिरला. रक्तसुद्धा आलं नाही.

तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर जुने, दोघांना ओळखणारे. साखर तपासली, मूत्रपिंडं तपासली. सगळं ठीक. "पाणी प्या भरपूर," डॉक्टर म्हणाले. ताई म्हणाली, "पिऊन पिऊन पोटात डबकं झालंय. पण ते मला पोचतच नाही." डॉक्टर हसले. बारक्याला हसू आलं नाही, का ते त्याला कळलं नाही.

घरी टाकी पुन्हा काठोकाठ. पाण्यात बसवलेला तापमानाचा काटा माणसाच्या अंगाइतकं तापमान दाखवत होता. नव्या कॉम्प्युटरला अजून वीज नाही, पंपाखेरीज तापण्यासारखं आत काही नाही. त्यानं काटा बदलला. नवा काटाही तेच म्हणाला. भिंतीतल्या बाष्पापासून ते मोजण्यातल्या चुकीपर्यंत सगळं त्यानं मनात घोळवून पाहिलं, कुठलंच कारण पुरेना. तेवढ्यात झाकणाखालून थेंब झिरपायला लागला. खाली महागडे भाग. त्यानं घाईघाईनं कॉक उघडला, तांब्याभर पाणी काढलं आणि बेसिनमध्ये रिकामं केलं.

पलीकडचं मशीन थांबलं. थोड्या वेळानं ताई चहा घेऊन आली. कप टेबलाच्या कडेला ठेवला, पदर नीट केला आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

"अहो, तुमचा चहा," ती म्हणाली. "साखर किती घेता ते माहीत नव्हतं."

५

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला. फोटो स्वच्छ आला. ताई शहाण्यासारखी सगळीकडे आली, विचारलं तेवढं बोलली. स्वतःचं नाव, घराचा पत्ता, कुणाचा कुठला कपडा शिवायचा राहिलाय, सगळं तिला ठाऊक होतं. फक्त हा कोण, हे सापडत नव्हतं, आणि विचारायला तिला संकोच वाटत होता.

घरी आल्याआल्या ती मशीनवर बसली. बारक्या आपल्या खोलीत आला आणि तो पंपाचा मऊ, एकसुरी आवाज त्याच्या कानावर आला. त्याला कमालीची चीड आली. घरात एवढं घडतंय आणि हे आपलं चालूच. त्यानं हात लांब करून बटण बंद केलं.

पलीकडचं मशीन थांबलं.

दोरा तुटला असेल, त्याला वाटलं. तो थांबला. तिकडे काहीच हललं नाही. कात्रीची खडखड नाही, खुर्चीची करकर नाही. भिंतीवरच्या रेडिएटरमधून पाणी उतरल्याचा आवाज आला, आणि मग तोही थांबला. त्यानं बटण चालू केलं.

मशीन कडकडायला लागलं.

योगायोग असतो माणसाच्या जगात. बारक्या मोजणारा माणूस. एकदा घडलेलं तो मोजतच नसे. त्यानं पंपाला लांब वायर लावली, बटण हातात घेतलं आणि मधल्या दारात जाऊन उभा राहिला. ताईची पाठ त्याच्याकडे होती. सुई वरखाली होत होती, कापड पुढे सरकत होतं. त्याला आपली लाज वाटली. तरी त्यानं बटण दाबलं.

ताई थांबली. हात कापडावर, पाय पेडलवर, मान किंचित झुकलेली. खिडकीतून वारा आला आणि तिच्या कानामागची बट हलली, तेवढंच काय ते हललं. तो पुढे होऊन तिच्यासमोर आला. डोळे उघडे होते. पाण्याचा पेला तोंडाशी नेताना माणूस जसे ओठ पुढे काढतो तसे तिचे ओठ होते. त्यानं तिच्या नाकाखाली बोट धरलं.

त्याच्या हातातून बटण निसटलं. जमिनीवर गुडघे टेकून, चाचपडून त्यानं ते शोधलं आणि दाबलं. डोक्यावर सुई चालायला लागली.

"काही पडलं का तुमचं?" ताईनं विचारलं.

६

बेसिनखालच्या पाइपाला एक वाक असतो. वरून ओतलेल्या पाण्यातलं थोडं कायम त्या वाकात उभं राहतं, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. असे हजारो वाक त्यानं नकाशात काढले होते. खाली परात ठेवून त्यानं तो वाक उघडला. परातीत पडलं ते साबणाचं, खरकट्याचं, करडं पाणी. त्यानं त्यात बोट बुडवलं. गार होतं.

एक पेला आणि एक तांब्या. बेसिनमधून उभ्या पाइपात, तिथून अंगणाखालच्या आडव्या पाइपात, तिथून रस्त्याखाली. त्याला सगळी वाट तोंडपाठ होती, आणि त्या वाटेवर पाणी मागे वळत नाही हेही. परात पुढ्यात घेऊन तो फरशीवर बसला आणि रडला. आईचा आवाज त्यानं स्वतःच्या हातानं ओतला होता. त्याच्यामागोमाग स्वतःलाही.

मग उठून टाकीसमोर गेला. दुपारचं ऊन काचेवर पडलं होतं. पाणी आणि झाकण यांच्यामधे बोटभर जागा होती आणि त्या जागेत काचेला आतून वाफ धरली होती, लहानशी, रुपयाएवढी. बघता बघता ती विरली. काच स्वच्छ झाली. मग पुन्हा धरली.

त्यानं पलीकडे कान दिला. ताई शिवता शिवता उसासा टाकत होती. वाफ विरली.

त्या दिवसापासून त्यानं थेंबभरही काढलं नाही. पंपाची वीज जाऊ नये म्हणून शेजारी बॅटऱ्या आणून ठेवल्या, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी. तो त्या खोलीतच राहायला लागला. आणि रोज सकाळी पाणी झाकणाच्या आणखी जवळ आलेलं असायचं.

७

पंप खरवडायला लागला.

आधी वाटलं भास असेल. मग दुपारच्या शांततेत स्पष्ट ऐकू आलं, मऊ आवाजाच्या पोटात वाळूसारखी खरखर. पंप झिजतात. फिरणारी कुठलीही वस्तू झिजते. खरखर वाढली की ताईच्या शिवणीची चाल अडखळायची आणि ती छातीवर हात ठेवून क्षणभर बसायची.

बारक्यानं कागद पुढे ओढला. आयुष्यातला सगळ्यात मोठा नकाशा त्यानं काढला. दुसरी टाकी, पहिलीच्या चौपट. दुसरा पंप, आणि तो गेला तर आपोआप सुरू होणारा तिसरा. चालू पाण्याला एका क्षणाचाही खंड न पडता हे सगळं त्याच्यात जोडायचं. दोन कॉक, मधे एक जोड. पुठ्ठ्याचा सांगाडा केला, तारा वाकवल्या, दहादा मोडून पुन्हा केल्या. एकदा ताई दारात येऊन बघत उभी राहिली.

"बरंच अवघड दिसतंय," ती म्हणाली. "कुणासाठी करताय?"

"बहिणीसाठी," तो म्हणाला.

"नशीबवान आहे," ताई म्हणाली, आणि तांब्या भरून घ्यायला आत गेली. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. रेघ वाकडी आली असती.

नवे भाग आले तोवर पंप विव्हळायला लागला होता. बारक्यानं पुठ्ठ्यात ठरवल्याप्रमाणे एकेक सांधा बसवला, नवी टाकी जोडली, कॉक उघडला. जुन्या टाकीतलं पाणी नव्या नळीत शिरलं, वर चढलं आणि वाकाशी येऊन थांबलं. त्यानं नवा पंप लावला. पंप कोरडाच किंचाळला.

हवा अडकली होती. एवढ्या नकाशात, एवढ्या पुठ्ठ्यात, तीच चूक त्याच जागी.

त्यानं नळी थोपटली. बॅटरी बदलली. जुना पंप खडखड करून थांबला, पुन्हा फिरला. पलीकडे काहीतरी घरंगळल्याचा आवाज झाला, दोऱ्याचं रीळ असावं. पंप पुन्हा थांबला आणि या वेळी बराच थांबला, मग कसाबसा फिरला.

नळीचं मोकळं टोक त्याच्या हातात होतं. त्यानं त्याच्याकडे पाहिलं. काय होणार याचा हिशोब मनात आपसूक झाला, आणि त्यात वेळ फार गेला नाही. भीती वाटली, खूप वाटली. तरी त्यानं नळी तोंडाला लावली आणि ओढली.

पाणी वाक ओलांडून आलं. कोमट, किंचित खारट. तोंड भरलं आणि डोळे मिटले गेले, कारण ती चव त्याला ठाऊक होती. तापात कण्हत असताना कपाळावर हात असायचा, त्या रात्रींची होती ती, शाळेच्या दारात कुणीतरी वाट बघत उभं असायचं त्याची होती. गिळावंसं वाटलं. एक घोट गिळला असता तर तेवढी ताई त्याची राहिली असती.

त्यानं चूळ नळीत परत सोडली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि सांधा आवळला.

दोन्ही टाक्यांतलं पाणी एका पातळीत आलं. नवा पंप मऊ आवाजात फिरू लागला. जुना बंद पडला तरी कुठे काही अडलं नाही. पलीकडे मशीन कडकडलं, थांबलं, पुन्हा कडकडलं. रीळ शोधून दोरा ओवला असावा. बारक्या भिंतीला टेकून ते ऐकत राहिला. त्याच्या नकाशात पहिल्यांदाच कुठे चूक उरली नव्हती.

थोड्या वेळानं ताई हातात तांब्या घेऊन दारात आली. रंग जरा परतला होता तिचा. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"तुमचे ओठ बघा कसे फुटलेत," ती म्हणाली. "तुम्हालाही लागते का तहान?"

तिनं तांब्या पुढे केला. बारक्या घटाघटा प्यायला, तळ दिसेपर्यंत, आणि तिला परत देताना आणखी मागितलं. नव्या टाकीच्या काचेला आतून वाफ धरली होती, रुपयाएवढी, आणि तिच्या शेजारी आणखी एक.